शंभर बोल्ट, एकच माप: फिक्स्चर बनवण्याआधीची तयारी

शंभर-दोनशे बोल्ट एकाच लांबीला कापायचे, टोकाशी स्प्लिट पिनसाठी आडवं भोक मारायचं किंवा डोक्यावर पेचकसाची खाच पाडायची, असं काम आलं की हात आधी भंगारातल्या पट्टीकडे आणि वेल्डिंगकडे जातो. तो जरा आवरा. ज्या खोक्यातले बोल्ट खरोखर वापरायचे आहेत त्यातून दहा-बारा उचला आणि व्हर्निअर कॅलिपर घेऊन बसा. फिक्स्चर, म्हणजे प्रत्येक नग एकाच जागी आणि एकाच मापाला धरून ठेवणारा साचा, कागदावरच्या बोल्टसाठी नाही, या खोक्यातल्या बोल्टसाठी बनवायचं आहे, आणि हे बोल्ट एकमेकांसारखे नसतात.

पहिलं माप आट्यांवरून घ्या. एम ८ (म्हणजे नावाला ८ मिमी व्यासाचे आटे) म्हटलं तरी ६जी टॉलरन्समध्ये, म्हणजे मापात चालणाऱ्या नेहमीच्या सवलतीत, आट्यांचा बाहेरचा व्यास ७.७६ पासून ७.९७ मिमीपर्यंत कुठेही असू शकतो. प्लेटिंगने तो किंचित वाढतो, पण दोन बोल्टमध्ये ०.२ मिमीचा फरक निघाला तर दोन्ही बोल्ट बरोबरच आहेत. दुसरं माप लांबीचं. ४० मिमीचा षटकोनी डोक्याचा बोल्ट ३९.५ ते ४०.५ मध्ये असला की चालतो. तिसरं डोक्याचं, आणि इथे बरेच जण फसतात. एम ८ चं डोकं १३ मिमीचंच असतं, पण एम १० चं जुन्या डीआयएन ९३३ या जर्मन मानकाप्रमाणे १७ आणि आयएसओ ४०१७ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे १६ मिमी असतं. एम १२ चं तसंच, १९ आणि १८. एकाच खोक्यात दोन्ही मिसळलेले असू शकतात. डोकं अडकवायला १६ ची खाच पाडून ठेवली तर १७ वाले आत जाणार नाहीत, आणि १७ ची पाडली तर १६ वाले फिरत राहतील. मोजलेल्यातला सगळ्यात जाड आणि सगळ्यात बारीक असे दोन बोल्ट खुणा करून बाजूला ठेवा, पुढे लागतील.

मोजता मोजता डोक्यावरचा आकडाही वाचा. ४.८ असेल तर काम सोपं, हॅक्सॉचं ब्लेडसुद्धा आरामात चालतं. ८.८ म्हणजे ८०० एमपीए (चौरस मिमीला ८०० न्यूटन) ताणशक्ती. चांगलं ब्लेड लागेल आणि हात सावकाश चालवावा लागेल. १२.९ चा ॲलन बोल्ट (डोक्यात षटकोनी खळगा असलेला) रॉकवेल सी या कडकपणाच्या मापावर साधारण ३९ ते ४४ इतका कडक असतो. त्यावर हायस्पीड स्टीलचे दात घसरतात, म्हणून तिथे कटिंग व्हील किंवा कार्बाइड. स्टेनलेसच्या ए२ या नेहमीच्या प्रतीच्या बोल्टचा स्वभाव वेगळा आहे. दात नुसता घासत राहिला की तिथला पृष्ठभाग आणखी कडक होतो, त्यामुळे दाब सतत हवा आणि धार ताजी हवी. फिक्स्चर ढिलं असेल तर ते सगळ्यात आधी स्टेनलेसवर उघडं पडतं.

व्हीलने कापताना उष्णतेचा विचार आधी करून ठेवा. ८.८ आणि १०.९ चे बोल्ट कडक केल्यावर किमान ४२५ अंश सेल्सिअसला पुन्हा तापवून टेम्पर केलेले असतात. टोकावर निळा रंग साधारण ३०० च्या आसपास येतो, तिथवर बिघडत नाही. टोक लाल झालं तर मात्र तिथल्या आट्यांच्या ताकदीवर विसंबू नका. आणि सोनेरी झाक असलेले, कुठून आले ते माहीत नसलेले जुने बोल्ट ग्राइंडरवर धरूच नका. वरचा थर जस्ताचा आहे की कॅडमियमचा हे नुसतं बघून कळत नाही, आणि कॅडमियमची धूळ विषारी असते.

आता ठरवायचं ते टेकायचं कुठे. फिक्स्चरमधली निम्मी अक्कल इथेच लागते. षटकोनी किंवा पॅन डोक्याच्या बोल्टची लांबी डोक्याच्या खालच्या बाजूपासून मोजतात, तेव्हा बोल्ट टेकला पाहिजे तोही तिथेच. टोकाला स्टॉपर लावलात तर खोक्यातला अर्धा-पाऊण मिमीचा फरक सरळ तुमच्या मालात उतरेल. काउंटरसंक बोल्टची (ज्याचं निमुळतं डोकं पृष्ठभागात बुडतं) लांबी डोक्यासकट धरतात, म्हणून तिथे स्टॉपर डोक्याच्या माथ्यावर.

डोक्याखाली टेकवताना एक बारीक गोष्ट राहून जाते. डोकं आणि दांडा जिथे भेटतात तिथे काटकोन नसतो, गोलाई असते. एम ८ मध्ये ती ९.२ मिमी व्यासापर्यंत पसरलेली चालते. टेकण्याच्या प्लेटला नुसतं ८.५ चं भोक मारलं तर डोकं प्लेटवर बसण्याऐवजी गोलाई भोकाच्या काठावर बसते, बोल्ट किंचित कलतो आणि प्रत्येक वेळी वेगळा कलतो. त्या भोकाचं तोंड काउंटरसंक मारून, म्हणजे तिरकं खरवडून, १० मिमीपर्यंत उघडा. डोक्याखालची सपाट गोल बाजू ११.६ च्या आत येत नाही, त्यामुळे टेकायला जागा उरते. काम एका मिनिटाचं, पण लांबी का हलतेय याचा शोध घेण्यात जाणारा दिवस वाचतो.

स्टॉपर पकडलेल्या बाजूलाच हवा, कापून पडणाऱ्या तुकड्याच्या बाजूला कधीही नको. धातूचा शेवटचा धागा तुटला की तो तुकडा स्टॉपर आणि व्हील यांच्या मध्ये अडकतो, आणि मग व्हील तरी फुटतं किंवा तुकडा गोळीसारखा सुटतो. तुकड्याला मोकळेपणी खाली पडू द्या आणि खाली वाळूचा किंवा चिंध्यांचा ट्रे ठेवा.

पकड कशी घ्यायची हे नगांच्या संख्येवर ठरवा. वीस-पंचवीस नग असतील तर ठोकळ्याला ६.८ चं भोक, एम ८ चा टॅप, एका बाजूने हॅक्सॉने चीर, आणि तो ठोकळा व्हाइसमध्ये. व्हाइस आवळला की चीर मिटते आणि बोल्ट पक्का बसतो, आटे चेपत नाहीत. पण १.२५ पिचचा (दोन आट्यांत १.२५ मिमी अंतर असलेला) बोल्ट २५ मिमी आत घालायला वीस फेरे लागतात आणि काढायला पुन्हा वीस. दोनशे नगांना हे परवडत नाही. तिथे ॲल्युमिनियमचे दोन तुकडे घ्या, मध्ये अर्धा ते एक मिमीची पट्टी घालून व्हाइसमध्ये धरा आणि सांध्यावरच ८ मिमीचं भोक मारा. पट्टी काढली की दोन अर्धगोल जबडे तयार. आट्यांच्या माथ्यांवर ॲल्युमिनियम दबतं, आटे नाहीत. जबडे झिजले की नवे पाडायचे. ते झिजणार हे गृहीत धरूनच दोन जोड्या आधीच करून ठेवा.

एका वेळी पाच-सहा बोल्ट धरायचा मोह होणारच. तो ०.२ मिमीचा फरक इथे नडतो. एका ओळीत सहा बोल्ट मांडून वरून एकच सपाट पट्टी आवळली तर जाड असलेले दोन पकडले जातात, बाकीचे चार नुसते तिथे असतात. कटर टेकला की ते फिरतात. उपाय तीन: प्रत्येक बोल्टला स्वतंत्र स्क्रू, पट्टीखाली तांब्याचा किंवा कडक रबराचा पट्टा, किंवा दोन बोल्टवर मधोमध खिळीवर डुलणारी पट्टी, म्हणजे जाड-बारीक ती स्वतःच सांभाळून घेते. माझं मत विचाराल तर दोन बोल्टच्या डुलत्या पट्टीपासून सुरुवात करा. सहा बोल्टचं फिक्स्चर कागदावर झकास दिसतं, पण त्यातला वेळ कापण्यात कमी आणि आवळण्यात जास्त जातो.

आडव्या भोकासाठी व्ही ब्लॉकला, म्हणजे व्ही आकाराची खाच असलेल्या ठोकळ्याला, पर्याय शोधू नका. ९० अंशाच्या व्हीमध्ये व्यास ०.२ ने बदलला तर बोल्टचा मध्य ०.१४ मिमी वर-खाली होतो, पण डावी-उजवीकडे अजिबात सरकत नाही. ड्रिल बरोबर वरून, व्हीच्या मध्यरेषेवर उतरत असेल तर बोल्ट जाड असो वा बारीक, भोक मध्यातूनच जातं. हाच व्ही आडवा लावला तर तोच ०.१४ चा फरक भोकाच्या जागेत दिसतो. भोकाचा व्यास आधी ठरवा: एम ६ ला १.६, एम ८ ला २, एम १० ला २.५, एम १२ ला ३.२ मिमीची स्प्लिट पिन हे नेहमीचं. भोक नटच्या ओढ घेणाऱ्या आट्यांच्या पलीकडे पडतंय ना, हेही बघा. एम ८ चं ताण घेणारं क्षेत्रफळ ३६.६ चौरस मिमी. २ मिमीचं भोक त्यातला तिसरा हिस्सा सहज खातं. आणि भोक षटकोनाच्या पैलूशी एका ठराविक दिशेत हवं आहे का, ते काम देणाऱ्याला विचारून घ्या. नको असेल तर डोकं अडवायच्या भानगडीत पडू नका.

ड्रिलचा बुश, म्हणजे ड्रिलला वाट दाखवणारी नळी, कडक पोलादाचा हवा, मऊ प्लेटमधलं भोक शे-दोनशे नगांत अंडाकृती होतं. बुशचं तोंड आणि बोल्ट यांच्यात ड्रिलच्या व्यासाच्या अर्ध्यापासून दीडपटीपर्यंत फट ठेवा. साध्या पोलादाला थोडी कमी चालते, लांब कीस निघणाऱ्या स्टेनलेसला जास्त लागते. फटच ठेवली नाही तर सगळा कीस बुशमधून वर चढतो आणि २ मिमीचं ड्रिल तिथेच मोडतं.

मशीनचा वेग फिक्स्चर करायच्या आधी तपासायचा, नंतर नाही. ८.८ च्या बोल्टला हायस्पीड टूलने मिनिटाला १५ मीटर धरले तर २ मिमीच्या ड्रिलला सुमारे २४०० फेरे लागतात, आणि खाच पाडणाऱ्या ६३ मिमीच्या पातळ गोल कटरला (स्लिटिंग सॉ) फक्त ७५ च्या आसपास. डोक्यावर खाच पाडायची असेल आणि मशीनचा सगळ्यात कमी वेग ३०० असेल, तर फिक्स्चर कितीही देखणं असलं तरी कटर दहा मिनिटांत जळेल. खाचेची रुंदी एम ६ ला १.६ आणि एम ८ ला २ मिमी, तेवढ्याच जाडीचा कटर मागवा. कटरची ओढ पक्क्या जबड्याकडे जाईल असं फिक्स्चर फिरवून बसवा. ओढ क्लॅम्पवर आली की तो हळूहळू ढिला होतोच.

कीस कुठे जाईल हे आधी आखा. बोल्ट जिथे टेकतो त्या कोपऱ्यात एक उभी खोबण काढा किंवा स्टॉपर तळापासून दोन-तीन मिमी उचलून लावा. कोपऱ्यात अडकलेला एक कण पुढच्या प्रत्येक बोल्टला तेवढाच लांब करतो. ब्रश जवळ टांगून ठेवा. हवेचा झोत मारला तर कीस आणखी आत जातो आणि डोळ्यांतही जातो.

फिक्स्चरचे भाग जोडताना स्क्रू आवळायला आणि डॉवेल पिन (भोकात घट्ट बसणारी गुळगुळीत पिन) जागा धरायला. नुसत्या स्क्रूंवर भरवसा ठेवून जोडलेलं फिक्स्चर एकदा खोललं की पुन्हा त्याच मापाला बसत नाही. वेल्डिंग करायचं असेल तर ते आधी, आणि टेकण्याच्या जागांचं शेवटचं मशीनिंग वेल्ड थंड झाल्यावर. बोल्ट उलटा किंवा तिरका घालता येत असेल तर तो कधीतरी तसा घातला जाणारच, म्हणून चुकीच्या बाजूने तो आत जाऊच नये अशी एक पिन ठोका. क्लॅम्पचा दांडा फिरताना बोटं व्हीलपासून लांब राहतात का, ते मशीन बंद असताना हाताने करून बघा. चष्मा लावायचाच, फिरत्या ड्रिलजवळ हातमोजे मात्र नकोत.

कापल्यानंतर कडेला उरणाऱ्या धारदार कंगोऱ्याचा, म्हणजे 'बर'चा, बंदोबस्त याच वेळी करा. थोडे नग असतील तर कापण्याआधी प्रत्येक बोल्टवर एक नट चढवा. कापल्यावर टोक कानशीने साफ करून तो नट काढला की टोकाचे आटे सरळ होतात. नग जास्त असतील तर ग्राइंडरच्या रेस्टवर ४५ अंशाला लहानसा व्ही बसवा आणि बोल्ट त्यात फिरवत चॅम्फर (टोकाची तिरकी कड) काढा. चॅम्फर आट्यांच्या तळाखाली जायला हवा, म्हणजे एम ८ ला टोकाचा व्यास ६.४ मिमीपर्यंत. व्हीलच्या सपाट बाजूवर नाही, परिघावरच घासा. प्लेटिंग गेलेल्या टोकाला गंज चढतो, त्यावर काय लावायचं तेही विचारून ठेवा.

चाचणीला बाजूला ठेवलेले ते दोन बोल्ट आधी घाला, जाड आणि बारीक. दोघांची लांबी आणि भोकाची जागा जुळली तरच खोकं उघडा. जुळली नाही तर बोल्टना दोष देऊ नका, टेकण्याची जागा आणि पकड पुन्हा बघा. पुढचे पाच नग एकेक मोजा, नंतर दर विसावा पुरे. लांबीसाठी दर वेळी व्हर्निअर काढायची गरज नाही. दोन पायऱ्यांचा लोखंडी तुकडा करून ठेवा: एका पायरीवर बसला पाहिजे, दुसरीवर बसता कामा नये.

काम संपल्यावर फिक्स्चरवर पंचने बोल्टचा साइज, कापायची लांबी आणि व्हीलची जाडी ठोका. जाडी विसरू नका. १ मिमीच्या व्हीलवर बसवलेल्या फिक्स्चरवर पुढच्या वेळी कोणी १.६ चं व्हील लावलं तर प्रत्येक बोल्ट ०.६ मिमीपर्यंत आखूड निघेल, आणि स्टॉपर मात्र होता तिथेच असेल.