पाचटाची गादी ओलीच राहते? गोठा आखताना या चुका टाळा

कोल्हापूर-सांगलीकडच्या ऊस पट्ट्यात पाचटाच्या (उसाच्या वाळलेल्या पाल्याच्या) गादीवरचे मुक्त गोठे, म्हणजे गायी न बांधता मोकळ्या ठेवायचे गोठे, बरेच दिसतात. पावसाळा लागला की त्यांच्या मालकांची तक्रार ठरलेली: कितीही पाचट टाका, दोन दिवसांत रेंदा होतो. मग आणखी पाचट, आणखी मजुरी, आणि तरी गायींच्या कासा बरबटलेल्याच. बहुतेक वेळा पाचट कमी पडलेलं नसतं. पिण्याची, खाण्याची आणि बसायची जागा एकमेकांत घुसलेली असते. गादी नेमकी कुठे भिजते हे चार दिवस नीट बघा. आखणीत काय बिघडलंय ते तिथेच कळतं.

हौदाभोवती चिखल

सर्रास दिसणारी चूक हीच. पाइपलाइन जवळ आहे म्हणून हौद गादीच्या मधोमध किंवा कडेला बांधतात. मोठी गाय दिवसाला 60-80 लिटर पाणी सहज पिते, उन्हाळ्यात दुभती असेल तर त्याहून जास्त. पिऊन तोंड वर काढलं की पाणी गळतं, मागची गाय रेटते, तिथेच उभ्याउभ्या शेण-मूत होतं. एवढी ओल कुठलंही पाचट जिरवू शकत नाही.

हौद कोब्यावरच (सिमेंटच्या पक्क्या जमिनीवरच) हवा, आणि गादीच्या बाजूने त्याला चार फुटांची भिंत हवी, म्हणजे गाय कोब्यावर उभी राहूनच पाणी पिईल. हौद आधीच गादीत बांधून झाला असेल तर तो फोडायची घाई नको. गादीकडच्या बाजू भिंतीने किंवा पाइप लावून बंद करा, कोब्याकडची एकच बाजू उघडी ठेवा आणि सांडलेलं पाणी नालीत जाईल असा उतार काढा. हौद गादीच्या मधोमधच असेल तर मात्र तो हलवण्यावाचून इलाज नाही.

तोंडाशीच ओल, आत कोरडं

गादी 15 फूट रुंद आणि 50 फूट लांब, पण आत जायची वाट फक्त अरुंद बाजूने, असे गोठे बघितलेत? सगळ्या गायी खुरांना लागलेलं शेण घेऊन त्याच जागेतून ये-जा करतात. त्यातली एखादी दांडगी गाय नेमकी वाटेतच बसते. मग गरीब गायी आत जायचंच टाळतात आणि कोब्यावर बसून राहतात. शेवटी आतली चांगली गादी रिकामी आणि तोंडाची पार तुडवलेली.

गादीची लांब बाजू कोब्याकडे पूर्ण उघडी ठेवा. 10 संकरित गायींसाठी साधारण 38 फूट लांब आणि 20 फूट खोल गादी, तिच्यापुढे तेवढाच लांब, 12 फूट रुंद कोबा आणि त्यापलीकडे गव्हाण, हा साधा आराखडा चालतो. गव्हाणीला एका गायीमागे अडीच फूट धरा. कोपऱ्यात बंद गल्ली नको. मार खाणाऱ्या गायीला पळायला जागा लागते.

सगळीच गादी सारखी ओली

इथे बहुधा जागेचं गणित चुकलेलं असतं. शिफारशींमध्ये एका गायीला छताखाली 3.5 चौरस मीटर (साधारण 38 चौरस फूट) आणि उघड्यावर 7 चौरस मीटर असा आकडा असतो. लोक त्यातला पहिला आकडा घेऊन छप्पर उभं करतात. पण सलग आठ दिवस पाऊस पडला की उघड्यावरची जागा बिनकामाची होते आणि सगळी जनावरं छताखाली येतात. गादीवरच गाय बसवायची असेल तर निव्वळ गादीच 70-75 चौरस फूट धरा, कोबा वेगळा. पैसे कमी असतील तर छप्पर लहान करण्यापेक्षा दोन गायी कमी ठेवा, असं माझं मत.

जागा पुरेशी असूनही ओल असेल तर गुडघ्याजवळ वाकून वास घ्या. डोळ्यांत पाणी आणणारा उग्र दर्प आला तर हवा खेळत नाही. थंडी लागेल म्हणून चारही बाजूंनी पूर्ण उंचीच्या भिंती बांधणं आपल्याकडे बहुतेक ठिकाणी अनाठायी आहे. छप्पर मध्यभागी 15 फूट, कडेला 8 फूट ठेवा आणि वरून गरम हवा निघायला वाट ठेवा.

गोठ्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवली की दुपारची सावली चांगली मिळते. दक्षिणोत्तर ठेवली की सकाळ-संध्याकाळचं ऊन आत येऊन गादी सुकते. कोकणासारख्या दमट भागात दुसरा पर्याय बरा, तापणाऱ्या देशावर पहिला. पावसाच्या झडीची बाजू कुठली ते मात्र गावात विचारून घ्या आणि त्या बाजूची वळचण अडीच फूट तरी बाहेर काढा. पन्हळ नसेल तर पत्र्यावरचं सगळं पाणी गादीच्या कडेला उतरतं.

खालून पाझर, वरून फुगवटा

काळ्या मातीवर थेट पाचट टाकलं तर खालची ओल वर येते. आधी भर घालून, मुरूम चोपून जागा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा दीड फूट उंच करा. कोबा त्याहूनही फूट-दीड फूट वर ठेवा, कारण गादी दर आठवड्याला चढत जाते. दोन्ही एका पातळीत असतील तर महिनाभरात पाचट कोब्यावर सांडतं आणि कठडे बुटके पडून कालवडी उड्या मारू लागतात.

पाचट अख्खं टाकू नका. लांब, मेणचट पाती ओल जिरवत नाहीत. कुट्टी करून टाका. गादी तपासायची सोपी रीत म्हणजे वीसेक सेकंद गुडघा टेकून बसा. पँट ओली झाली तर गायीची कासही भिजतेच आहे.

धार काढल्यावर सडांची तोंडं जवळपास अर्धा तास नीट मिटलेली नसतात. अशात गाय ओल्या गादीवर बसली तर दगडीला (कासेच्या सुजेच्या आजाराला) आमंत्रणच. म्हणून धारेच्या जागेतून निघालेली वाट थेट गव्हाणीवर जावी आणि तिथे ताजी वैरण टाकलेली असावी. ही वाट गादीतून काढलेले गोठे डॉक्टरांना फार वेळा बोलावतात.

गादी काढताना आठवणाऱ्या गोष्टी

ट्रॅक्टर आत येत नाही, हे गादी दोन फूट चढल्यावर कळतं. फाटक 12 फुटी हवं आणि गादीच्या मधोमध खांब नको. गोबरगॅस असेल तर त्यात कोब्यावरचं शेणच घाला. गादीतलं पाचट टाकीत वर तरंगून साय धरतं आणि गॅस कमी होतो. म्हणून कोब्याची नाली गॅसकडे, गादी काढायचं फाटक उकिरड्याकडे, असं आधीच ठरवा.

आणखी एक अडचण हंगामाची. पाचट निघतं ऊसतोडीत, हिवाळा-उन्हाळ्यात, आणि गादीला जास्त लागतं जून ते सप्टेंबर. साठवायची जागा आराखड्यात नसेल तर गंजी पावसात भिजते आणि भिजलेलं पाचट टाकून उपयोग नाही. गंजी उंचवट्यावर, झाकलेली, पण गोठ्याला खेटून नको. विजेच्या तारा वरून जात असतील तिथे तर अजिबात नको. कोबा ओतण्याआधी जमिनीवर चुन्याची फक्की मारून आखून घ्या आणि भरलेल्या ट्रॉलीसकट ट्रॅक्टर त्या रेघांमधून एकदा फिरवून बघा.