वालधुनीचा गाळ जड धातूंसाठी कसा तपासावा

अंबरनाथजवळच्या डोंगरात उगम पावून उल्हासनगरमार्गे कल्याणपाशी उल्हास नदीला मिळणाऱ्या वालधुनीत औद्योगिक वसाहतीचे, तसेच जीन्स रंगवण्याच्या आणि धुण्याच्या कारखान्यांचे सांडपाणी वर्षानुवर्षे येत राहिले. अशा नदीच्या पाण्याचा नमुना त्या घटकेपुरतीच माहिती देतो. रात्री सांडपाण्याचा टँकर नदीत रिकामा झाला, तरी दुसऱ्या दिवशी दुपारी पाण्यात काही सापडेलच असे नाही. शिसे, क्रोमियम, तांबे, कॅडमियम हे धातू मात्र चिकणमातीच्या कणांना, लोह-मँगनीजच्या ऑक्साइडांना आणि सेंद्रिय पदार्थांना चिकटून तळाशी बसतात, म्हणून तपासायचा तो गाळ.

पहिला नमुना कारखान्यांच्या वरच्या अंगाला, वस्ती सुरू होण्यापूर्वी घ्यावा. त्यानंतर प्रत्येक मोठा नाला मिळतो त्याच्या थोडे वर आणि थोडे खाली, प्रवाह मंदावून बारीक गाळ साचतो अशा जागा निवडाव्यात. हातमोजे घालून गाळ चिमटीत चोळावा. खरखर लागली तर ती वाळू, आणि वाळूत धातू फारसे धरले जात नाहीत. कल्याणजवळ खाडीची भरती आत येत असल्याने तेथे ओहोटीची वेळ साधावी. पावसाळ्यातील पूर वरचा थर वाहून नेतात, म्हणून त्याआधीचा मे महिना उत्तम.

लोखंडी फावडे वापरू नये. प्लॅस्टिकच्या स्वच्छ डावाने वरचा सुमारे ५ सेंटिमीटरचा थर काढावा. एकाच जागी तीन-चार ठिकाणचा गाळ एकत्र करून पिशवीत भरावा, हवा काढून तोंड बंद करावे आणि पिशवी बर्फाच्या डब्यात ठेवावी. वर तपकिरी पापुद्रा आणि खाली कुजक्या अंड्यांसारखा वास येणारा काळा थर दिसला, तर तशी नोंद करावी, कारण तेथे धातू सल्फाइडच्या रूपात अडकलेले असतात आणि गाळ उपसून हवेत टाकला की त्यातले काही सुटे होऊ शकतात.

प्रयोगशाळेला ६३ मायक्रॉनपेक्षा बारीक अंशाची तपासणी करण्यास सांगावे, आणि पाराही मोजायचा असल्यास गाळ ४० अंशांपेक्षा अधिक तापवू नये, असे लेखी कळवावे. गाळ कोणत्या आम्लात विरघळवला, हेही अहवालात मागावे. आम्लराजात (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणात) सिलिकेटमधला, म्हणजे खडकाच्या खनिजांत बांधलेला धातू पूर्णपणे उतरत नाही, त्यामुळे पद्धत बदलली की दोन वर्षांचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत.

खरी गफलत होते ती अहवाल वाचताना. गाळात धातू नैसर्गिक प्रमाणापेक्षा किती वाढला हे सांगणारा, भूवैज्ञानिक म्युलर यांचा १९६९ चा भूसंचय निर्देशांक काढण्यासाठी मोजलेल्या प्रमाणाला नैसर्गिक प्रमाणाच्या दीडपटीने भागून, आलेल्या संख्येचा २ या पायावरील लॉगरिथम घेतात. नैसर्गिक प्रमाण म्हणून पुष्कळदा जगभरातील शेल या चिकणमातीपासून बनलेल्या खडकाची सरासरी, म्हणजे तांब्यासाठी ४५ पीपीएम (दहा लाख भागांत ४५ भाग), डोळे झाकून वापरली जाते. आपला दख्खनचा बेसाल्ट मुळातच तांब्याने समृद्ध आहे. समजा, वरच्या अंगाच्या नमुन्यात १५० आणि नाल्याखाली ३०० पीपीएम तांबे आढळले, तर शेलच्या आधाराने निर्देशांक २.१५ येतो, म्हणजे मध्यम ते तीव्र प्रदूषण. स्थानिक आधाराने, म्हणजे वरच्या अंगाचे १५० हे नैसर्गिक प्रमाण धरून, तो जेमतेम ०.४२ भरतो. निकेल आणि क्रोमियमलाही हीच सावधगिरी लागू आहे. तक्रार करायची असेल, तर दुसऱ्या आकड्यावरच उभे राहावे, कारण पहिला आकडा कारखान्याचा वकील एका प्रश्नात खोडून काढेल. उरलेला वाळवलेला गाळ मोहोरबंद करून फेरतपासणीसाठी जपून ठेवावा.