पाय नेमका कुठे दुखतोय? टाच, चवडा आणि बोटांच्या दुखण्यावर काय करावं

“पाय दुखतोय” एवढ्यावरून कुणालाच काही सांगता येत नाही. एका पावलात २६ हाडं आणि ३३ सांधे असतात. टाचेचा उपाय अंगठ्याला चालत नाही आणि कुरुपाचा उपाय गाऊटच्या सांधेदुखीला. त्यामुळे मलम आणण्याआधी जागा शोधा.

खुर्चीवर बसा, दुखरं पाऊल दुसऱ्या मांडीवर घ्या आणि हाताच्या अंगठ्याने टाचेपासून बोटांकडे थोडं थोडं दाबत या. जिथे तोंडातून “आई गं” निघेल तिथे बॉलपेनने खूण करा. तळवा झाला की पावलाची वरची बाजू, मग बोटांच्या बेचक्या, मग नखांच्या कडा. दुसरं पाऊलही असंच तपासा. मग वेळ आठवा. कळ सकाळच्या पहिल्या पावलाला येते की संध्याकाळी? बूट काढल्यावर थांबते की रात्री अंथरुणात वाढते? जागा आणि वेळ कळली की निम्मं निदान झालं.

आधी हे बघा: घरी थांबायचं नाही अशी दुखणी

पाय मुरगळल्यावर किंवा मार लागल्यावर चार पावलंसुद्धा टाकता येत नसतील तर तेल-मालीश न करता एक्स-रे काढा. पाऊल अचानक गार पडलं, पांढरट किंवा निळसर झालं, तर रक्तपुरवठा अडलेला असू शकतो. सकाळपर्यंत वाट बघू नका, तडक दवाखाना गाठा. लाली वर चढत चाललीय आणि ताप आहे, किंवा एकाच पायाची पोटरी सुजून दुखतेय, तरी त्याच दिवशी डॉक्टर. आणि मधुमेह असेल तर पायाची कोणतीही जखम छोटी समजू नका. मधुमेहात पाऊल लाल, गरम, सुजलेलं असूनही दुखत नसेल तर उलट जास्त काळजी करायची. आत हाडं खचत असतील तरी बधिरपणामुळे कळ येत नाही.

टाच

सगळ्यात जास्त लोकांना छळते ती ही. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला की टाचेखाली, आतल्या बाजूला सुई टोचल्यासारखी कळ येते. दहा-पंधरा पावलं लंगडत टाकली की कमी होते आणि दिवसभर उभं राहिल्यावर संध्याकाळी परत डोकं वर काढते. तळव्याखाली टाचेपासून बोटांपर्यंत एक जाड, चिवट पट्टा असतो. तो टाचेला जिथे जोडलेला असतो तिथे ताण येऊन हे दुखणं होतं. साधारण चाळिशी ते साठीत, वजन वाढलेल्यांना, पोटऱ्या आखडलेल्यांना आणि तासन्‌तास उभं राहणाऱ्यांना ते जास्त होतं. शिक्षक, कंडक्टर, दुकानातले सेल्समन, आणि अर्थात ओट्यापाशी अनवाणी उभ्या राहणाऱ्या बायका.

एक्स-रे काढला की टाचेपाशी हाडाचं टोक दिसतं आणि “हाड वाढलंय” हे वाक्य घरात शिरतं. मग कुणी ऑपरेशनची भीती घालतं, कुणी कॅल्शियम बंद करायला सांगतं. असं टोक टाच न दुखणाऱ्या कितीतरी लोकांच्या एक्स-रेतही दिसतं. ते तसंच राहतं आणि दुखणं मात्र जातं. तेव्हा हाडाचा धसका सोडा आणि पट्ट्यावर काम करा.

१. पलंगावरून उतरण्याआधी: दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या, पाचही बोटं हाताने नडगीच्या दिशेने मागे ओढा. तळव्याचा पट्टा ताठ झालेला दुसऱ्या हाताच्या बोटांना लागला पाहिजे. दहापर्यंत मोजा, सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. पहिली खेप मात्र पाय जमिनीला लागण्याआधीच.

२. भिंतीला दोन्ही हात टेकून दुखरा पाय मागे ठेवा, गुडघा सरळ, टाच जमिनीला चिकटलेली. पोटरी ताणली जाईपर्यंत पुढे झुका आणि ३० सेकंद थांबा. तीन वेळा.

३. पहिली धग ओसरल्यावर हा व्यायाम सुरू करा. पायरीवर टॉवेलची गुंडाळी ठेवून तिच्यावर बोटं टेकवा, कठडा धरा आणि टाचा वर उचला: तीन सेकंदांत वर, दोन सेकंद थांबा, तीन सेकंदांत खाली. बारा वेळा जमेल तितका भार, एक दिवसाआड. सुरुवातीला दोन्ही पायांवर, नंतर एकावर.

४. संध्याकाळी पाण्याची छोटी प्लास्टिकची बाटली फ्रीजरमध्ये गोठवून, वर पातळ फडकं गुंडाळून, तळव्याखाली पाच-दहा मिनिटं फिरवा.

५. घरातही चप्पल घाला. आपल्याकडे इथेच गाडी अडते. चप्पल दाराबाहेर ठेवायची सवय, घरात गुळगुळीत टाइल्स किंवा ग्रॅनाइट, आणि पाय दिवसभर त्यावर. त्यावर उपाय सोपा आहे: घरासाठी वेगळा, स्वच्छ, मऊ तळाचा जोड. एमसीआरची (बारीक छिद्रांच्या मऊ रबराची) चप्पल चालते. देवघरापुरती काढा. पातळ कडक तळाची कोल्हापुरी मात्र बरं होईपर्यंत सणासुदीलाच.

गरम विटेवर रुईचं पान ठेवून टाच शेकायचा उपाय गावोगाव चालतो. शेकाने तेवढ्यापुरतं बरं वाटतं, एवढंच त्याचं श्रेय. वीट जास्त तापली तर टाच भाजते, आणि रुईचा चीक चुकून डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. मधुमेह्यांनी या वाटेला जाऊच नये.

आता धीराचं. हे दुखणं आठवड्यात जात नाही. बहुतेकांना वरच्या उपायांनी आराम पडतो, पण त्याला काही महिने लागतात, कधी वर्षही. टाचेतलं स्टेरॉइडचं इंजेक्शन लवकर आराम देतं, पण तो फार टिकत नाही. वारंवार घेतलं तर पट्टा तुटण्याची आणि टाचेखालची चरबीची गादी झिजण्याची भीती असते. दुसरं-तिसरं घेण्याआधी डॉक्टरांना तसं स्पष्ट विचारा.

टाच खालून नाही, दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबल्यावर दुखत असेल तर हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो. मागच्या जाड शिरेवर दुखत असेल तर ते प्रकरण वेगळं. आठ ते चौदा वर्षांची खेळणारी मुलं टाच दुखते म्हणतात तेव्हा बहुधा वाढत्या हाडावरचा ताण असतो. खेळ कमी केला, बूट बदलले की जातो.

अंगठा: रात्रीचा ठणका

झोपताना ठीक, आणि मध्यरात्री अंगठ्याचं मूळ लाल, गरम, टम्म. चादरीचा स्पर्शही सहन होत नाही. हा गाऊट. रक्तातलं युरिक ॲसिड वाढून सांध्यात त्याचे खडे साठतात. पुरुषांत जास्त, बायकांत बहुतेक रजोनिवृत्तीनंतर.

पाय उंच ठेवा, कपड्यातून बर्फ लावा, भरपूर पाणी प्या आणि डॉक्टरकडे जा. कोल्चिसिन किंवा सूज उतरवणारी गोळी जितक्या लवकर सुरू होईल तितका झटका लवकर आटोक्यात येतो. पण ती मनाने घ्यायची नाही, विशेषतः किडनीचा त्रास किंवा पोटात अल्सर असेल तर. ऐन झटक्यात केलेल्या तपासणीत युरिक ॲसिड नॉर्मल येऊ शकतं; दोन-चार आठवड्यांनी पुन्हा करा. झटके वारंवार येत असतील तर युरिक ॲसिड दर डेसिलिटर रक्तात ६ मिलिग्रॅमच्या खाली ठेवणारी गोळी दीर्घकाळ घ्यावी लागते, आणि ठणका थांबला म्हणून ती बंद करायची नसते. रक्तदाबासाठी लघवी होण्याची गोळी चालू असेल तर तेही सांगा, तिनेही युरिक ॲसिड वाढतं.

पथ्याबद्दल आपल्याकडे भलताच गोंधळ आहे. गाऊट म्हटलं की घरात पहिली गदा डाळ, पालक आणि टोमॅटोवर येते. डाळी-भाज्यांतल्या प्युरीनने (ज्यापासून युरिक ॲसिड बनतं) गाऊटचा धोका वाढल्याचं आढळलेलं नाही. आवरायचं ते बिअर आणि इतर दारू, कलेजी-भेजा-वजडी, तारली-कोळंबी-शिंपल्यांचा मारा आणि साखर घातलेली थंड पेयं. वरण-भात खुशाल जेवा.

अंगठा करंगळीकडे वळून मुळाशी हाड बाहेर आलेलं असेल, तर ते गाऊट नाही. त्यावर पुढून रुंद पादत्राण हाच घरचा उपाय; बोटांत अडकवायच्या सिलिकॉनच्या तुकड्यांनी घासणं कमी होतं, हाड सरळ होत नाही.

नख, कुरूप आणि चिखल्या

नख मांसात रुतलं असेल तर कोमट पाण्यात पंधरा मिनिटं पाय बुडवून, पुसून, नखाची कड हलकेच उचला आणि खाली कापसाची बारीक वात सरकवा. वात रोज बदला. यापुढे नख सरळ कापायचं, कोपरे गोल करायचे नाहीत. पू असेल तर डॉक्टरच कडेचं नख काढतील, दहा मिनिटांचं काम आहे.

कुरूप आहे की चामखीळ, हे आधी ठरवा. कुरूप वरून सरळ दाबलं की दुखतं. चामखीळ बाजूंनी चिमटीत धरली की दुखते, आणि तिच्यात काळे ठिपके दिसतात. कुरूप होतं ते एकाच जागी दाब पडून, त्यामुळे चप्पल न बदलता ते काढलं तर परत येणारच. पाय भिजवून प्युमिस स्टोनने थोडं थोडं घासा, भोवती फेल्टची चकती लावून दाब काढा. कॉर्न कॅपमध्ये सॅलिसिलिक ॲसिड असतं, ते भोवतालची चांगली कातडीही खातं. मधुमेह्यांनी लावू नये. ब्लेडने कापणं आणि बिब्बा घालणं दोन्ही सगळ्यांनीच टाळा. बिब्ब्याने कातडी भाजते, फोड येतात, आणि कुरुपाच्या जागी चिघळलेली जखम उरते.

भातलावणीच्या दिवसांत बोटांच्या बेचक्यात होणाऱ्या चिखल्या शहरात ओल्या मोज्यांमुळे होतात. बेचक्या कोरड्या पुसायच्या, बुरशी मारणारं क्लोट्रिमॅझोलचं साधं मलम दिवसातून दोनदा लावायचं, आणि बरं वाटलं तरी चार आठवडे पुरे करायचे. मेडिकलवाला देईल त्या ट्यूबमध्ये बीटामेथासोन, क्लोबेटासोलसारखं स्टेरॉइड मिसळलेलं नाही ना, हे वाचून घ्या. त्याने खाज लगेच थांबते आणि बुरशी आत पसरत राहते.

चवडा आणि वरची बाजू

तिसऱ्या-चौथ्या बोटांमध्ये आग होते, चवड्याखाली खडा असल्यासारखं वाटतं आणि बूट काढून चोळलं की थांबतं, तर तिथली नस दबतेय. निमुळते बूट आणि उंच टाचा सोडल्यावर बऱ्याच जणांचं भागतं.

पावलाच्या वर एका बोटाने दाखवता येईल अशा ठिकाणी हाड दुखतं, थोडी सूज आहे, धावलं की वाढतं: हा हाडातला बारीक तडा. पोलीस भरतीची जाहिरात आली की १६०० मीटरसाठी एकदम डांबरी रस्त्यावर पळायला लागलेल्या मुलांत, किंवा सरावाशिवाय वारीला निघालेल्यांत हा दिसतो. पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रे नॉर्मल येऊ शकतो, म्हणून “रिपोर्ट क्लिअर आहे” म्हणत पळत राहू नका. सहा ते आठ आठवडे धावणं बंद.

करंगळी पलंगाच्या पायावर आपटून काळीनिळी झाली, पण सरळ आहे? मध्ये गॉजची घडी ठेवून शेजारच्या बोटाला मायक्रोपोर टेपने बांधा, फार घट्ट नको. तीन-चार आठवडे. अंगठा आपटला असेल किंवा बोट वाकडं दिसत असेल तर एक्स-रे.

आग आणि मुंग्या

दोन्ही तळव्यांची रात्री आग होते तेव्हा काशाची वाटी तूप लावून फिरवतात. झोप लागते, चांगलंच आहे, पण सोबत साखर आणि बी-१२ तपासा. शाकाहारी लोकांत आणि वर्षानुवर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी घेणाऱ्यांत बी-१२ कमी सापडतं. मधुमेह असेल तर रोज रात्री आरसा जमिनीवर ठेवून तळवे बघा, पाण्याचा गरमपणा पायाने नाही तर कोपराने तपासा, आणि दुपारी देवळाच्या तापलेल्या फरशीवर मोजे घालूनच चाला. चालताना पोटरीत गोळा येऊन थांबल्यावर जात असेल आणि विडी-सिगारेट-तंबाखू चालू असेल, तर रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांना दाखवा. तंबाखू सोडल्याशिवाय तिथे कोणतंच औषध पुरं पडत नाही.

चप्पल घेताना, डॉक्टरकडे जाताना

संध्याकाळी खरेदी करा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. घरी कागदावर उभं राहून पावलाची बाह्यरेषा काढा, ती कापून न्या आणि बुटात घालून बघा. कागद कडेने दुमडला तर तो बूट तुमचा नाही. सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी.

दोन-तीन आठवडे प्रामाणिकपणे उपाय करूनही काहीच फरक नसेल तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. जाताना रोजच्या वापरातला जुना जोड पिशवीत टाका. तळ कुठून झिजलाय त्यावरून तुम्ही भार कुठे टाकता ते त्यांना लगेच दिसतं. चालू गोळ्यांची यादीही न्या. एक्स-रे लिहून दिला तर तो झोपून काढायचा की उभं राहून, हे विचारून घ्या, कारण पावलाची कमान आणि अंगठ्याचा वाक भार पडल्यावरच खरा दिसतो.