फ्रेंच-कॅनेडियन पूर्वज शोधायचे तर लग्नाची नोंद धरून मागे चला

क्वेबेकमधल्या कॅथलिक चर्चच्या नोंदी १६२१पासून सुरू होतात. सुरुवातीच्या वह्या १६४०च्या आगीत जळाल्या आणि लोकांच्या आठवणीवरून पुन्हा लिहिल्या गेल्या; पुढची साखळी मात्र बरीचशी शाबूत आहे. साध्या शेतकरी घराचाही माग पहिल्या स्थलांतरितापर्यंत लागतो तो यामुळेच. गाडी अडते ती बहुधा आडनावापाशी.

१. सुरुवात लग्नाच्या नोंदीपासून करावी. बाप्तिस्म्याच्या नोंदीत फक्त बाळाचे आईवडील असतात. लग्नाच्या नोंदीत वर-वधू दोघांचेही आईवडील असतात, तेही आयांच्या माहेरच्या नावांसह; एकाच कागदाने दोन घराणी एक पिढी मागे जातात. लग्न सहसा वधूच्या पॅरिशमध्ये (एका चर्चच्या हद्दीत) लागे, म्हणून नवऱ्याच्या गावी काही मिळाले नाही तर आसपासच्या गावांच्या वह्या पाहा. पुनर्विवाह असेल तर आईवडिलांऐवजी बहुधा मृत जोडीदाराचे नाव दिलेले असते. मग आधीचे लग्न शोधावे लागते. नोटरीकडच्या विवाह-कराराची तारीख ही लग्नाची तारीख नव्हे; करार बहुतेक वेळा आधी होई.

२. बाईला माहेरच्या आडनावाने शोधा. लग्नानंतरही चर्चच्या वहीत ती बहुधा त्याच नावाने येते. १९८१पासून क्वेबेकच्या कायद्यानेही तेच ठरवले आहे.

३. ‘दी’ (dit) दिसला की दोन्ही नावे टिपून ठेवा. ‘मिव्हिल दी देशेन’ म्हणजे मिव्हिल ऊर्फ देशेन. असे जोडनाव पडायला बरीच कारणे होती: सैन्यातले टोपणनाव, मूळ गाव, शेताचे नाव, आणि कधी नुसता स्वभाव. १६६५मध्ये फ्रान्सहून आलेल्या कारिन्याँ-सालिएर पलटणीतल्या शिपायांमुळे लाफ्लर, सांसुसी अशी नावे रुजली. खरी अडचण पुढे येते. एक भाऊ मिव्हिल राहतो, दुसरा देशेन होतो. एकाच माणसाचा बाप्तिस्मा एका नावाने आणि लग्न दुसऱ्या नावाने नोंदलेले असते. उलट, एकमेकांशी काही नाते नसलेल्या कितीतरी शिपायांना लाफ्लर म्हणत, म्हणून नुसत्या आडनावावरून नाते जोडू नये. आडनाव फसवत असेल तर नवरा-बायको दोघांची पहिली नावे आणि तिचे माहेर मिळून शोध घ्या. नवऱ्याचे नाव बदलले तरी ही जोडी सहसा बदलत नाही.

४. पहिल्या नावावर फार भिस्त नको. मुलांच्या नावाआधी जोसेफ आणि मुलींच्या नावाआधी मारी लावण्याची पद्धत होती. हाक मारायचे नाव बहुधा शेवटचे. बाळ दगावले की पुढच्याला तेच नाव देत. त्यामुळे बाप्तिस्मा सापडला की त्याच घरातल्या दफनाच्या नोंदीही तपासाव्यात. ही काळजी न घेतल्याने कितीतरी वंशवृक्षांत लहानपणीच गेलेले मूल पुढे दहा लेकरांचे आजोबा झालेले आहे!

५. कागद कुठे पाहायचे? फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर पॅरिशच्या वह्यांची छायाचित्रे मोफत आहेत. ड्रुआँ संग्रहात, म्हणजे याच वह्यांच्या छायाचित्रांच्या दुसऱ्या संग्रहात, मुख्यतः न्यायालयाकडे जाणारी दुसरी प्रत आहे. एका प्रतीत पान फाटले किंवा शाई पसरली असेल तर दुसरी उघडा. माँट्रियल विद्यापीठाच्या पीआरडीएच प्रकल्पाने जुन्या नोंदी कुटुंबांप्रमाणे जुळवून ठेवल्या आहेत, त्याचे शुल्क पडते. सिप्रियाँ तांग्वेचा १८७१ ते १८९० दरम्यान निघालेला सात खंडी वंशावळ-कोश वाटाड्या म्हणून ठीक, पुरावा म्हणून नाही. त्यात चुका आहेत.

६. घराणे अमेरिकेत गेलेले असेल तर आडनाव आधी उलटे फिरवा. ईशान्य अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडच्या कापडगिरण्यांत गेलेल्या कुटुंबांत नावांचे इंग्रजी भाषांतर होऊन ब्वावेरचे ग्रीनवुड, रूआचे किंग, लेव्हेकचे बिशप झाले. काही नावे नुसत्या उच्चारावरून लिहिली गेली. अमेरिकन सरकारी कागदावर जन्मस्थळ म्हणून पुष्कळदा फक्त ‘कॅनडा’ असते. तिथल्या फ्रेंच पॅरिशची लग्ननोंद मिळवा. आईवडिलांची मूळ नावे तिथे मिळण्याची शक्यता जास्त, आणि कधी कधी क्वेबेकमधले गावही.