नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) टिकेल का? बोर्ड उष्णता-चाचणीसाठी तयार करताना

२३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं, आणि तेही सावलीत. रस्त्यावरच्या दिव्यातल्या एलईडी ड्रायव्हरला, म्हणजे एलईडींना वीज पुरवणाऱ्या सर्किट बोर्डाला, दिवसभर तापलेल्या पत्र्याच्या डब्यात बसावं लागतं, शिवाय त्याची स्वतःची उष्णता असतेच. त्यामुळे इथं वापरायचा बोर्ड ७० अंशांच्या आत तपासून ‘पास’ म्हणण्यात अर्थ नाही. आयईसी ६००६८-२-२ या आंतरराष्ट्रीय मानकात कोरड्या उष्णतेसाठी ५५, ७०, ८५ अशी तापमानं आणि २, १६, ७२, ९६ तास असे कालावधी आहेत. ७० अंशांवर १६ तास ही बरी सुरुवात.

पाच बोर्ड घ्या. त्यातले चार बोर्ड चेंबरमध्ये, म्हणजे चाचणीच्या तापवलेल्या बंद पेटीत जातील, पाचवा तुलनेसाठी बाहेर राहील. क्रमांक मार्करनं लिहू नका, सफाईत पुसला जातो. बोर्डाच्या कडेला कोरून ठेवा.

सोल्डरिंगनंतर राहिलेला फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावलेला चिकट पदार्थ) आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशनं काढा, विशेषतः हाय व्होल्टेजच्या पायांमधला. त्यात दमट हवेतली ओल मुरली की गळतीचा प्रवाह वाढतो आणि दोष भागांच्या माथी येतो. मे महिन्यात नागपूरची हवा कोरडी असते, तेव्हा बोर्ड पुसून लगेच पुढं गेलं तरी चालतं. जुलैत मात्र ६० अंशांवर रात्रभर सुकवा. त्याहून जास्त नको, नाहीतर चाचणीआधीच चाचणी होऊन बसेल.

बाकी सगळ्यापेक्षा जास्त वेळ थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) लावण्यात घालवा. के-टाइपची बारीक, ३० किंवा ३६ गेजची तार घ्या. जाड तार स्वतःच उष्णता ओढून नेते आणि आकडा कमी दाखवते. टोक कपॅसिटरच्या अंगाला किंवा आयसीच्या पाठीला टेकवा, थेंबभर उष्णतावाहक इपॉक्सीनं चिकटवा आणि पुढची दोन-तीन सेंटिमीटर तार त्याच भागावरून नेऊन कॅप्टॉन टेपनं (उष्णता सोसणाऱ्या, वीजरोधक टेपनं) दाबा. नुसतं टोक टेपखाली सरकवून सोडलं की तापल्यावर ते उचकटतं आणि तुम्ही हवेचं तापमान मोजत बसता. मॉस्फेटचा (स्विचसारख्या चालणाऱ्या ट्रान्झिस्टरचा) पत्रा बहुतेक वेळा त्याच्या ड्रेन या टोकाला जोडलेला असतो, म्हणजे जिवंत, वीज असलेला. तिथं मधे कॅप्टॉनचा थर द्या, लॉगरचं (आकडे नोंदवणाऱ्या यंत्राचं) इन्सुलेशनही पुरेसं आहे ना ते पाहा. व्हेरिअ‍ॅकनं व्होल्टेज बदलतं, पण मेन्सपासून विलगता मिळत नाही. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर वेगळा हवाच.

सेन्सरवर आंधळा विश्वास नको. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले होते, आणि शेवटी सेन्सरच चुकल्याचं हवामान खात्याला सांगावं लागलं. प्रत्येक थर्मोकपल बर्फाच्या लगद्यात धरा, शून्य दिसलं पाहिजे. मग उकळत्या पाण्यात. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर आहे, तेव्हा इथं आकडा १०० नाही, ९९ च्या आसपास येतो.

वायरी टेफ्लॉनच्या किंवा सिलिकॉनच्या घ्या. साध्या पीव्हीसीची मर्यादा बऱ्याचदा ७० अंशच असते. ग्लू-गनचा गोंद तर त्याआधीच मऊ पडतो, म्हणून त्यानं धरलेलं काहीही आत पाठवू नका. एलईडींचा लोड चेंबरबाहेर ठेवा. ४० वॉटचा, ८८ टक्के कार्यक्षमतेचा ड्रायव्हर आत साधारण साडेपाच वॉट उष्णता सोडतो, लोड आत ठेवलात तर त्यात आणखी ४० वॉटची भर. चेंबरचा पंखा थेट बोर्डावर येत असेल तर मधे पत्रा आडवा लावा. नाहीतर बोर्ड ७० अंशांच्या हवेत असूनही त्याला फुकटचा कूलर मिळतो.

कपॅसिटरचे आकडे आधीच मांडा. १०५ अंश, २००० तास असं छापलेला इलेक्ट्रोलिटिक दर १० अंशांच्या घटीला साधारण दुप्पट टिकतो: ९५ ला ४०००, ८५ ला ८०००. आता थर्मोकपल त्याच्या अंगावर ९८ दाखवत असेल, तर चाचणी पास झाली तरी रोज बारा तास पेटणारा दिवा पहिल्या वर्षातच त्या कपॅसिटरचं आयुष्य संपवेल. तो हीटसिंकपासून (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागापासून) दूर सरकवा.

आत टाकण्याआधी प्रत्येक बोर्डाचा इनपुट प्रवाह, आउटपुट प्रवाह आणि रिपल (आउटपुटमधला चढउतार) २०७, २३० व २५३ व्होल्टवर नोंदवा. कमी व्होल्टेजला इनपुट प्रवाह वाढतो, ब्रिज (एसीचं डीसी करणारा भाग) आणि मॉस्फेट जास्त तापतात, म्हणून मुख्य चाचणी २०७ वरच घ्या. शेजारी खोलीचं तापमान लिहा. मे महिन्यात सकाळी सहाला घेतलेली मापं दुपारी दोनच्या मापांशी जुळणार नाहीत.

शेवटी दार लावून, हीटर बंद ठेवून दहा मिनिटं सगळं चालवा. दार लावल्यावर एखाद्या चॅनेलचा आकडा उड्या मारू लागला तर तार दाराच्या रबरात चिमटली आहे. ती आताच काढा, सोळाव्या तासाला कळून काही उपयोग नाही.