आयएसडीएन अडॅप्टर लावण्याआधीची तयारी

अडॅप्टरचं, म्हणजे संगणक आयएसडीएन लाइनला जोडणाऱ्या उपकरणाचं, खोकं उघडायच्या आधी फोन कंपनीशी बोलून घ्या. आयएसडीएन, म्हणजे फोनच्या तारेवरून आवाज आणि डेटा नेणारी डिजिटल सेवा, तुमच्याकडे अजून चालू आहे का, हे आधी विचारा, कारण अनेक देशांत ती बंद झाली आहे किंवा होत आली आहे. चालू असेल तर एक्स्चेंजमधल्या स्विचचा, म्हणजे कॉल जोडणाऱ्या यंत्रणेचा, प्रकार विचारून लिहून घ्या. युरोपात बहुतेक ठिकाणी सेटिंगमध्ये युरो-आयएसडीएन निवडून एमएसएन, म्हणजे लाइनवरचे नंबर, भरले की भागतं. उत्तर अमेरिकेत मात्र स्विचचा प्रकार एनआय-1, डीएमएस-100 की 5ईएसएस, हे नेमकं कळायला हवं, आणि बहुधा स्पिडही (SPID, म्हणजे कंपनीने लाइनला दिलेला ओळख क्रमांक) लागतो. एनआय-1 वर तो साधारणपणे दहा आकडी फोन नंबर आणि त्यापुढे 0101 असा असतो. तरीही अंदाजाने भरू नका, कंपनीकडूनच घ्या. त्यातला एक आकडा चुकला तरी लाइन नोंदली जात नाही आणि माणूस उगाच केबल बदलत बसतो.

मग अडॅप्टरची मागची बाजू पाहा. जोडणीजवळ ‘यू’ लिहिलं असेल तर एनटी-1, म्हणजे कंपनीची लाइन जिथे येऊन संपते ते उपकरण, आतच आहे, दुसरा लावू नका. ‘एस/टी’ असेल तर एनटी-1 वेगळा लागेल.

संगणकाच्या सिरियल पोर्टचा वेग आधीच तपासा, कारण लोक सर्वात जास्त इथेच फसतात. एका बी चॅनेलचा, म्हणजे लाइनवरच्या आवाज किंवा डेटा नेणाऱ्या एका मार्गाचा, वेग सेकंदाला 64 किलोबिट, दोन जोडले की 128. पोर्ट सेकंदाला 115200 बिटवर ठेवला तरी प्रत्येक बाइटमागे स्टार्ट आणि स्टॉप असे दोन बिट जादा जातात, त्यामुळे कामाचे उरतात 92,160 बिट. म्हणजे दोन चॅनेलचे पैसे भरूनही पूर्ण वेग मिळत नाही. त्यासाठी 230400 चालणारा पोर्ट, यूएसबी अडॅप्टर किंवा आत बसणारं कार्ड हवं. फ्लो कंट्रोल, म्हणजे डेटा कधी थांबवायचा आणि कधी पाठवायचा हे ठरवणारी सेटिंग, हार्डवेअरचाच ठेवा.

सुरुवात एकाच चॅनेलवर करा. तो नीट चालला की मगच मल्टिलिंक पीपीपी, म्हणजे दोन्ही चॅनेल एकत्र वापरायची पद्धत, सुरू करा, आणि तुमचा इंटरनेट पुरवठादार ते चालवू देतो का, हे त्याआधी विचारा. दोन चॅनेल म्हणजे दोन कॉल, आणि मिनिटावर आकारणी असेल तर बिलही तसंच येतं.

अडॅप्टरवर साधा फोन जोडणार असाल तर वीज गेल्यावर तो सहसा बंद पडतो. अडीअडचणीला दुसरा फोन हाताशी ठेवा.