पैशाची पुस्तकं वाचून खरंच पैसा शिल्लक पाडायचा तर काय करायचं (पगारवाल्यांसाठी आणि पट्टीवाल्यांसाठी पण)

सध्या आपल्याकडं पैशाची पुस्तकं वाचायचं प्रमाण लई वाढलंय. लातूरला क्लासच्या होस्टेलवर बघा, संभाजीनगरला औरंगपुऱ्यातल्या दुकानांत बघा, रिच डॅड पुअर डॅड नाहीतर सायकॉलॉजी ऑफ मनी, इंग्रजीत नाही जमलं तर मराठी भाषांतर, आणि वाचून झालं की पोरं एकच विचारायलेत, की याच्यानं पैसे साठतात का हो. माझं उत्तर सरळ आहे. साठतात, पण नुसतं वाचून नाही. पुस्तक संपल्यावर आठवडाभरात तुम्ही बँकेत नाहीतर पोस्टात जाऊन जे एक काम करून येता त्याच्यानं साठतात, आणि ते काम आपल्या वर्षाच्या हिशोबानं बसवावं लागतं, कारण ही बहुतेक पुस्तकं दर महिन्याला पगार घेणाऱ्या माणसासाठी लिहिलेली आहेत, पट्टीवर, म्हणजे माल विकल्यावर आडत्याकडून मिळणाऱ्या हिशोबाच्या चिठ्ठीवर, जगणाऱ्या शेतकऱ्यासाठी नाही.

हे मी मनाचं सांगत नाही. २०१४ साली तीन संशोधकांनी पैशाच्या शिक्षणावरचे २०१ अभ्यास एकत्र करून बघितले, तर माणसं पैशाच्या बाबतीत पुढं जे वागतात त्यातला जेमतेम ०.१ टक्का फरक त्या शिक्षणानं समजावता येतो असं निघालं, आणि दिवस जातील तसं शिकलेलं विरत जातं असंही दिसलं. नंतरच्या अभ्यासांत चित्र याच्यापेक्षा बरं निघालं, म्हणजे शिकून काहीच होत नाही असं नाही, पण शिकणं आणि करणं यात जितके जास्त दिवस जातील तितकं ते शिकणं वाया. म्हणून पुस्तक हातात घ्यायच्या आधीच ठरवा की यातली एकच गोष्ट उचलायची, दहा नाही.

आता पुस्तक कोणतं घ्यायचं. आधी साल आणि देश बघा. अमेरिकन पुस्तक असलं तर रिटायरमेंटचं प्रकरण त्यांच्या फोर-ओ-वन-के खात्यावर असणार, टॅक्सचं प्रकरण पण तिकडचं, ती पानं सरळ सोडून द्या, आपल्याकडं त्या जागी पीएफ, एनपीएस (सरकारी पेन्शन योजना), पीपीएफ (पोस्टात नाहीतर बँकेत उघडायचं लांब मुदतीचं सरकारी बचत खातं) आहे. दुसरं, पुस्तक बचतीचं आहे का दुसऱ्या कशाचं ते ओळखा. रिच डॅड पुअर डॅड (१९९७) हे मुळात बचतीचं पुस्तक नाही, खिशात पैसा आणणारी मालमत्ता कोणती आणि खिशातून नेणारी कोणती हे सांगणारं आहे. ते वाचून चार पोरं मिळून कर्ज काढून गावाबाहेर प्लॉट घ्यायलेत हे बघून मला खरंच काळजी वाटती, कारण हातात सहा महिन्यांचा खर्च नसताना घेतलेला प्लॉट पहिल्याच आजारपणात मिळंल त्या भावानं विकावा लागतो. पहिलंच पुस्तक वाचणार असाल तर रिचेस्ट मॅन इन बॅबिलॉन वाचा, जॉर्ज क्लासनचं, १९२६ चं. आधी छोट्या छोट्या पुस्तिकांच्या रूपात बँका आणि विमा कंपन्यांमार्फत ते वाटलं गेलं होतं. त्याचा सगळा गाभा एकच, की कमाईतला दहावा हिस्सा आधी स्वतःचा म्हणून बाजूला काढायचा आणि मग राहिलेल्यात भागवायचं. भारतातलं पाहिजे असंल तर मोनिका हालन यांचं लेट्स टॉक मनी (२०१८) घ्या, त्यात निदान खाती, विमा, फंड हे सगळं इकडचं आहे.

वाचताना पेन्सिल घ्या आणि शेजारी वही, आणि वहीत पुस्तकातलं काही उतरवायच्या आधी आपलं वर्ष लिहा. बारा महिने एकाखाली एक, समोर पैसा कधी येतो आणि कधी जातो. कोरडवाहू शेतकऱ्याचं बघितलं तर साधारण असं निघतं: जूनला बियाणं-खत, शाळेची फी, जुलै-ऑगस्ट फवारणी आणि खिसा रिकामा, दसरा-दिवाळीच्या टायमाला सोयाबीन मोंढ्यावर (धान्याच्या बाजारात), जानेवारी-फेब्रुवारीत तूर, हरभरा त्याच्या मागं, पाडव्याला सालगड्याचा हिशोब, आणि उन्हाळ्यात लगीनसराई. ऊस असला तर बिल कारखाना देईल तेव्हा. पुस्तकात जो पन्नास-तीस-वीसचा नियम असतो (एलिझाबेथ वॉरन आणि त्यांच्या मुलीच्या २००५ च्या पुस्तकानं तो लोकांपर्यंत नेला), म्हणजे गरजेला पन्नास टक्के, हौसेला तीस, बचतीला वीस, तो या वहीवर ठेवून बघा. जुलैमधे कशाचे वीस टक्के काढणार? माणूस एकदा प्रयत्न करतो, जमत नाही, आणि आपल्यातच शिस्त नाही असं धरून बसतो. शिस्तीचा प्रश्न नाही तो, नियम महिन्याचा आहे आणि आपली कमाई हंगामाची.

येलच्या जेम्स चोई नावाच्या प्राध्यापकांनी २०२२ मधे पैशावरची ५० लोकप्रिय पुस्तकं अर्थशास्त्राशी ताडून बघितली. पुस्तकवाले म्हणतात सवय लागावी म्हणून कायम ठराविक टक्के काढा, अर्थशास्त्र म्हणतं कमाई जास्त तेव्हा जास्त ठेवा, कमी असंल तेव्हा कमी ठेवा नाहीतर साठवलेल्यातलं काढून खा. आपल्याकडं दोन्ही एकत्र करायचं. टक्का ठरलेला, पण तो महिन्याला नाही, पट्टीला.

एक हिशोब मांडून दाखवतो. समजा २० क्विंटल सोयाबीन झालं. हमीभाव २०२५-२६ ला ५,३२८ होता, पण मोंढ्यावर समजा ४,३०० लागला, तर ८६,०००. हमाली, तोलाई जाऊन ८५,००० धरा. कृषी केंद्राची उधारी २५,००० दिली, हातात ६०,०००. आता दहावा हिस्सा ८६,००० चा काढायचा का ६०,००० चा? पुस्तकात याचं उत्तर नाही, कारण पगाराला खताची उधारी नसती. माझं मत, उधारी जाऊन राहतात त्याचा, म्हणजे ६,०००, पण त्याच दिवशी, आडतीवरून घरी यायच्या आधी. चेक नाहीतर ऑनलाईन पैसे ज्या खात्यात येतात त्या खात्यात ते ठेवू नका, ज्या खात्याचं एटीएम घेतलेलं नाही आणि फोन पे जोडलेलं नाही अशा दुसऱ्या खात्यात टाका. घरी पोहोचल्यावर काढू म्हणलं की संपलं, दिवाळी तोंडावर असती, पाहुणे येतात, गाडीचा हप्ता थकलेला असतो.

आणि त्या ६०,००० मधून अजून १०,००० ची एक वेगळी एफडी करा, मे संपताना मॅच्युअर होईल अशी, म्हणजे नोव्हेंबरला केली तर सातेक महिन्यांची. ही पेरणीची एफडी. येत्या जूनला खतं-बियाणं २५,००० चंच लागणार, त्यातलं १०,००० रोख द्या, उधारी १५,००० वर आली. पुढच्या दिवाळीत उधारी १०,००० नं कमी फेडायची म्हणून ते वाचलेले १०,००० आणि नेहमीचे १०,०००, अशी २०,००० ची एफडी. दुसऱ्या जूनला उधारी फक्त ५,०००. तिसऱ्या जूनला उधारी नाही, पूर्ण पेरणी रोखीत. पीक बऱ्यापैकी आलं आणि भाव फार हलले नाहीत तर हा हिशोब बसतो, एखादं वर्ष अतिवृष्टीत गेलं तर एक वर्ष पुढं जाईल. रोखीचा भाव आणि उधारीचा भाव एक नसतो हे तुम्हाला मी सांगायला नको, तो फरक हीच पहिली कमाई. इमर्जन्सी फंड, इमर्जन्सी फंड म्हणून पुस्तकं जे सांगतात ते आपल्याकडं याच एफडीपासून सुरू होतं. नोकरदारासाठी सहा महिन्यांचा खर्च ठीक आहे, शेतकऱ्याला एक खरीप गेला तर पुढचं पीक येईपर्यंत निभावता आलं पाहिजे, म्हणजे वर्षभराचा किराणा, दवाखाना आणि पुढची पेरणी. एवढं एकदम होत नाही, पण आकडा वहीत लिहून ठेवा.

पैसा कुठं टाकायचा तर, पोस्टाची आरडी (दर महिन्याला ठराविक हप्ता भरायचं खातं) शेतकऱ्याला सहसा बसत नाही. हप्ता चुकला की शंभराला एक रुपया दंड आणि चार हप्ते चुकले की खातं बंद पडतं. एसआयपीचा, म्हणजे म्युच्युअल फंडाचा दर महिन्याचा, हप्ता बँकेतून परत गेला तरी बँक चार्ज लावती. त्यापेक्षा पीपीएफ चांगलं, वर्षाला कमीत कमी ५०० आणि जास्तीत जास्त दीड लाख, कधीही भरा, एकदाच भरा नाहीतर तुकड्यानं भरा, व्याज बरीच वर्षं ७.१ टक्के आहे. फक्त महिन्याच्या ५ तारखेच्या आत भरा, नाहीतर त्या महिन्याचं व्याज त्या रकमेवर मिळत नाही. पैसा पंधरा वर्षं अडकतो, मधे थोडाफार काढता येतो, म्हणून पेरणीचे पैसे यात टाकायचे नाहीत. दहा वर्षांच्या आतली मुलगी असंल तर सुकन्या समृद्धी खातं, वर्षाला किमान २५०.

जास्त व्याजासाठी पतसंस्था आणि मल्टिस्टेटकडं (एकापेक्षा जास्त राज्यांत चालणाऱ्या पतसंस्थांकडं) जाणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, सहकारी बँकेत पण असतो, पतसंस्थेला आणि मल्टिस्टेट क्रेडिट सोसायटीला तो नाही. बीड, संभाजीनगर भागात गेल्या काही वर्षांत काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय, म्हाताऱ्या माणसांचे पोरींच्या लग्नाचे, ऑपरेशनचे पैसे अडकले. दोन टक्के जास्त मिळायलेत म्हणून मुद्दल घालवू नका.

अंगावर कर्ज असंल तर बचतीचं प्रकरण नंतर, आधी कर्जाचं प्रकरण वाचा. अमेरिकेतले डेव्ह रॅमसी सांगतात सगळ्यात छोटं कर्ज आधी फेडा, त्यानं हुरूप येतो. अर्थशास्त्र म्हणतं सगळ्यात महाग कर्ज आधी. आपल्याकडं मी अर्थशास्त्राच्या बाजूनं आहे. शेकडा तीननं घेतलेले २०,००० म्हणजे महिन्याला ६००, वर्षाला ७,२०० नुसतं व्याज, छत्तीस टक्के. त्या घरात पीपीएफ भरणं म्हणजे सात मिळवायला छत्तीस देणं. म्हणून सावकार पहिला, मग सोनेतारण, आणि पीककर्ज मात्र मुदतीच्या आधी फेडायची घाई नको पण मुदत चुकवायची पण नाही, कारण ३ लाखांपर्यंत वेळेवर फेडलं तर राज्याच्या पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळं व्याज शून्यावर येतं. एवढं स्वस्त कर्ज कुठल्याच अमेरिकन पुस्तकात नाही.

पगारवाल्यांचं काम सोपं. थेलर आणि बेनार्ट्झी या अर्थशास्त्रज्ञांनी २००४ मधे छापलेला प्रयोग लक्षात ठेवा: जे कामगार आजच्या पगारातून जास्त कापायला तयार नव्हते त्यांच्याकडून पुढच्या पगारवाढीतला हिस्सा बचतीला जाईल एवढंच आज लिहून घेतलं, तर ४० महिन्यांत त्यांची बचत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. तुम्ही मास्तर असाल, एसटीत असाल, झेडपीत असाल, तर इन्क्रिमेंट लागायच्या आधीच आरडीची नाहीतर एसआयपीची रक्कम वाढवायचा फॉर्म देऊन ठेवा, आणि डीएचा फरक येईल त्यातला निम्मा पीपीएफला.

शेवटचं काम घरातलं आहे आणि तेच माणसं टाळतात. पुस्तक नवरा वाचतो आणि पैसा बायको सांभाळती, आणि दोघांचं बोलणंच होत नाही. कितीतरी घरांत बचत गटात दर महिन्याला न चुकता पैसे भरणारी बाई असती, गटातून कर्ज घेऊन फेडलेली असती, तिला हप्ता, व्याज, थकबाकी सगळं तोंडपाठ असतं, आणि तिलाच कुणी विचारत नाही. तर ती बारा महिन्यांची वही तिच्यासमोर ठेवा, पुस्तकातली जी एक गोष्ट करायची ठरवली ती तिला वाचून दाखवा, कुठला खर्च लिहायचा राहिला ते ती सांगंल (आहेर, माहेरची लग्नं, पोरांच्या क्लासची वाढलेली फी, सासूच्या गोळ्या), ते लिहून मग आकडा पक्का करा. बचतीचं ते दुसरं खातं आणि एफडी दोघांच्या नावानं उघडा आणि नॉमिनीचा रकाना भरल्याशिवाय फॉर्म देऊ नका.